काका, खांद्यावर गार लागतंय?

रेणू परीक्षेत कधी कुणाच्या बापाला घाबरली नाही. पण भूल देण्याचं शिक्षण सुरू झालं आणि पाठीच्या मणक्यात सुई घालायची वेळ आली की बाईसाहेबांना घाम फुटायचा. या आठवड्यात दोनदा सुई हाडावर अडली आणि दोन्ही वेळा तिला शिकवणाऱ्या माधवी मॅडमनी पुढे होऊन काम उरकलं. आज त्यांनी बजावलं होतं, "जमलं तो ठीक. नहीं तो महिनाभर सिरिंज भरते बैठना."

आजचे पेशंट तारनाक्याचे नामदेवराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. हर्नियाचं ऑपरेशन होतं. पोरगी जवळच्याच काचीगुड्याची, मराठी बोलणारी आणि तिची परीक्षा आपल्या पाठीवर, हे कळताच ते घरचेच झाले. निमूट वाकून बसले. आणि काय सांगावं, सुई थेट आत! सुईतून मणक्यातल्या स्वच्छ पाण्याचा थेंब टपकला. रेणूला वाटलं, इथेच फुगडी घालावी. औषध देऊन तिने त्यांना आडवं केलं.

मग भूल चढली का पाहायला स्पिरिटचा बोळा मांडीवर लावला. "काका, गार लागतंय?"

"बिलकुल नाही!"

"पोटावर?"

"जरा पण नाही गं!"

रेणू हवेत. फरक कळावा म्हणून बोळा खांद्यावरही लावतात. तिथे भूल पोचत नाही, गार लागायलाच हवं.

"तिथे तर मुळीच नाही!" नामदेवराव अभिमानाने म्हणाले.

रेणूने काकांच्या छातीकडे पाहिलं. भूल खांद्यापर्यंत चढली असती तर श्वास लागला असता, आणि काका तर खुशाल हसत होते. म्हातारा तिला पास करायला निघाला होता!

"हो गया क्या, रेणू?" मॅडमनी दारातून विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं! पण पोटाचंही ते खोटंच बोलले असले, तर सुरी चालली असती ती काकांच्या जाग्या पोटावर.

"नक्को मॅडम, दो मिनट! काका झूठ बोल रहे!"

अख्खं थिएटर हसलं. रेणू मात्र काकांवर उखडली. "पाय उचला बघू. मनापासून!"

ओशाळलेल्या नामदेवरावांनी ओठ चावून जोर लावला. मान लाल झाली, पाय हलेना. "आईशप्पथ पोरी, हा पाय माझा नाहीच!"

बोळा पुन्हा फिरला. खांद्यावर गार, पोटावर नाही. रेणूला हसू आवरेना, मास्कच्या वर डोळे भरून आले. "झालं, मॅडम!"

स्वतः तपासल्याशिवाय मॅडम सर्जनला कधी सुरीला हात लावू देत नसत. आज त्या दारातूनच म्हणाल्या, "रेणू बोली ना? चलो, शुरू करो."