टाकीवरचं कुंकू

देवीवर मी रुसलो होतो आणि नव्या मोटारसायकलवर चिडलो होतो. गेल्या हिवाळ्यात हे दोन्ही राग एकमेकांत इतके मिसळले, की गाडी रस्त्यात बंद पडली की मी बोलायचो गाडीला आणि ऐकवायचो देवीला. आता लिहिताना हसू येतं, तेव्हा हसायला फुरसत नव्हती. माझ्या बायकोच्या, शालनच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून द्यायची औषधं झाली, त्यात तिच्या डोक्यावरचे केस गेले आणि आता शेक तेवढा राहिला होता. रेडिएशनला आमच्या गावात शेकच म्हणतात. रविवार सोडून रोज नगरला न्यायचं, मशीनखाली थोडा वेळ झोपवायचं आणि परत आणायचं. "मध्ये खंड पडू देऊ नका, नाहीतर आतापर्यंत सोसलेलं वाया जाईल," असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ते वाक्य माझ्या छातीवर बसलं होतं.

आमचं गाव पारनेरच्या बाजूला, आडरस्त्यावर. एसटी धरायची तर आधी फाट्यापर्यंत चालायचं, मग उन्हात उभं राहायचं आणि आलेल्या गाडीत जागा मिळेलच असं नाही. शालनला ते झेपण्यासारखं नव्हतं. म्हणून जुनी गाडी देऊन नवी मोटारसायकल घेतली. मोठ्या सीटची, मागे टेकायला जागा असलेली. ती दारात आली त्या दिवशी शालन आजारपण विसरली होती. तिचं माहेर कोल्हारचं, त्यामुळे तिथली भगवती देवी म्हणजे तिची हक्काची आई. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, हँडलला हार घातला आणि टाकीवर स्वस्तिक काढलं. त्यानंतर रोज सकाळी निघायच्या आधी माहेरून आणलेल्या देवीच्या कुंकवाचं एक बोट ती पेट्रोलच्या झाकणावर लावायची आणि हात जोडायची. पहिल्या दिवशी ते वाऱ्यानं उडालं म्हणून दुसऱ्या दिवसापासून बोट आधी खोबरेल तेलात बुडवायला लागली. थंडीत ते तेल गोठून कुंकू असं घट्ट बसायचं की काय सांगावं. कालचं न पुसता त्यावरच आजचं. मी गंमत करायचो, "देवी बसायला आली तर तिला आधी ते खरवडावं लागंल." एक गोष्ट मात्र मला दिसत असून मी बोलत नव्हतो. गाडीला रोज कुंकू लावणारी ही बाई स्वतःच्या कपाळाला लावत नव्हती. केस गेल्यापासून ती आरशासमोर उभीच राहिली नव्हती.

गाडीनं पहिल्या आठवड्यातच रंग दाखवायला सुरुवात केली. आधी हॉर्न अडकायला लागला, मग एक इंडिकेटर गेला, ते मी सोसलं. मग ती बंद पडायला लागली. घरून निघताना छान पळायची, रस्त्याचा अर्धा टप्पा गेला की धाप लागल्यासारखी अडखळायची आणि थांबायची. थांबायची तीही जवळजवळ एकाच जागी, चढ संपतो तिथल्या कडुलिंबाच्या झाडाच्या आसपास. मीटरवर आकड्यांत पेट्रोल भरपूर दिसायचं, त्यामुळे झाकण उघडून बघायचं कारण नव्हतं. बराच वेळ सावलीत उभी केली की आपोआप चालू व्हायची, आणि तेवढ्यात दवाखान्यातला आमचा नंबर निघून जायचा. मग सगळ्यांत शेवटी घ्यायचे. शालन बाकावर भिंतीला टेकून बसून राहायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचो.

सर्व्हिस सेंटरला खेटे घालून माझे जोडे झिजले. तिथला टाय घातलेला पोरगा दर वेळी तेच सांगायचा, "काका, नवीन गाडी आहे, इंजिन अजून बसलं नाही. कॉम्प्युटर काहीच फॉल्ट दाखवत नाही." मी म्हणायचो, "अरे बाबा, कॉम्प्युटरला घेऊन चढाच्या लिंबापर्यंत चल, मग दाखवील." त्यांचा माणूस गेटपासून वळून परत यायचा आणि गाडी एकदम ओके म्हणून सांगायचा. एकदा दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी चकचकीत धुऊन दिली, तेवढंच काम. नवल म्हणजे धुऊन आणल्यावर एक-दोन दिवस ती नीट चालली. मी खूश झालो. शालन मात्र हळहळली, मेल्यांनी देवीचं कुंकू धुऊन टाकलं म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी तिनं भरघोस दोन बोटं लावली. पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एकदा तर बंद गाडीशेजारी उभा असतानाच कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला, "सर, आमच्या सर्व्हिसला दहापैकी किती गुण द्याल?" मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझा राग राहिला गाडीपुरता. शालनच्या मनात मात्र दुसरंच काही घर करत होतं आणि ते मला उशिरा कळलं. एका सकाळी मी गाडी बाहेर काढली तर ती पायरीवरच बसून राहिली. चप्पलसुद्धा घातली नव्हती. म्हणाली, "मला आता न्यायचं न्हाई. रोज त्याच जागी गाडी उभी ऱ्हाती, तुमच्या ध्येनात येत न्हाई का? आईच्या मनात असतं तर तिनं अशी वाट आडवली असती का? तिलाच मला बरं करायचं न्हाई." तिचा आवाज चढलेला नव्हता. आज भाजी काय करायची हे सांगावं तशी ती बोलली, आणि त्याचीच मला भीती वाटली. रडली असती तर मी समजूत घातली असती. ज्या देवीच्या भरवशावर ही बाई ऑपरेशनला हसत गेली, त्याच देवीनं हात काढून घेतला असं तिला वाटत होतं. मी कशाच्या जोरावर तिला ओढून नेणार होतो? शेवटी हात जोडले. "आजचा दिवस चल. आज गाडी बंद पडली तर उद्यापासून मी चल म्हणणार न्हाई." बोललो आणि जीभ चावली. तिनं झाकणावर कुंकू लावलं आणि मागे बसली.

वाटभर मी देवीशी भांडत होतो. खरं सांगायचं तर ती प्रार्थनाच होती. आज एक दिवस गाडी चालू दे, पुढं तुला काय करायचं ते कर. चढ चढलो, लिंब दिसला आणि गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली. मागून शालन उतरली. लिंबाच्या मुळीवर जाऊन बसली आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. मला त्या क्षणी सगळं संपल्यासारखं वाटलं. गाडीला लाथ मारावी म्हणून पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला, कारण डोळे भरून आले होते आणि ते शालनला दिसू द्यायचे नव्हते.

तेवढ्यात रस्त्यालगतच्या कांद्याच्या वावरातून हाक आली, "ओ दाजी, रोज रोज हितंच काय मुक्काम टाकताय? बाईमानसाला रस्त्यावर कशाला बसीवता, वस्तीवर या की!" साठीच्या पुढची एक बाई खुरपं हातात घेऊन बांधावर उभी होती. तिचं नाव कौसाबाई. मालक कधीचे वारले होते, आणि मुलगा-सून आज बाजाराला गेले होते. आम्हाला ती रोज लांबून बघत होती म्हणे. तिनं शालनला हाताला धरून अंगणात नेलं, घोंगडी टाकली आणि काही न विचारता चुलीवरचं हुलग्याचं माडगं वाडग्यात ओतून पुढे केलं. शालनच्या तोंडाची चव कधीच गेली होती. दोन घास खाल्ले तरी मळमळायचं. त्या दिवशी तिनं वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि फुंकर घालत, घोट घोट करत सगळं माडगं संपवलं. मी गाडी ढकलत अंगणात आणली होती. ते बघून मी तिथंच उभा राहिलो.

निघायची वेळ झाली. आमच्याकडे दारी आलेली सवाशीण हळदीकुंकवाशिवाय जात नाही. कौसाबाईनं सवयीनं सुनेला हाक मारली, मग सून घरी नाही हे आठवलं आणि ती घोटाळली. तिची नजर शालनच्या मोकळ्या कपाळावर गेली, तिथून गाडीकडे गेली, आणि ती म्हणाली, "गाडीला एवढं थापलंय, अन् तुझं कपाळ गं का असं? मालक तर चांगलं म्होरं उभं हायेत." शालन म्हणाली, "आरशात बघवत न्हाई मावशी." तिनं पदर मागे सारला आणि बोडकं डोकं दाखवलं. माझ्याशिवाय कुणालाही तिनं ते दाखवलं नव्हतं. मग शालन म्हणाली, "तुमीच लावा."

"माझ्या हातानं? न्हाई बाई. तीस वर्सं झाली, मी कुकवाला हात लावला न्हाई. लोक काय म्हनतील? आदीच तू आजारी, तुला काय झालं तर?"

"मला व्हायचं ते झालंय," शालन म्हणाली. "तुमी आज मला जेवू घातलंत. माझी आई आसती तर तिनं लावलं नसतं का? हे कोल्हारच्या भगवतीचं हाय. लावा."

कौसाबाई बराच वेळ हात पदरात गुंडाळून उभी राहिली. मग गाडीजवळ आली. झाकणावरचा तो तेलकट, दगडासारखा झालेला थर तिनं नखानं खरवडला. निघेना तेव्हा पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवून चोळून चोळून काढला. झाकण लख्ख निघालं. तळहातावर जमलेलं कुंकू तिनं बोटानं कालवलं आणि शालनच्या कपाळावर टेकवलं. तिचं बोट इतकं थरथरत होतं की कुंकू थोडं वाकडं लागलं. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी गाडीचं हँडल धरून उभा होतो आणि मीही रडलो, आता लाज कशाला बाळगू?

बटण दाबलं, गाडी चालू झाली. वेळ गेल्यामुळे झाली असेल असं मला वाटलं. आमचा नंबर मिळाला. परतीच्या वाटेवरही गाडी लिंबाजवळून सरळ पुढे निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काही विचारायच्या आत शालन चप्पल घालून तयार होती. गाडीला कुंकू लावायला ती गेलीच नाही. "आज कौसामावशीकडून लावून घेयाचंय," एवढंच बोलली. त्या दिवसापासून आम्ही लिंबाजवळ स्वतःहून थांबायला लागलो. कौसाबाई बांधावर वाट बघत असायची, सुनेची कुंकवाची डबी हातात घेऊन. सून म्हणे पहिल्या दिवशी बघतच राहिली आणि मग डबी तिनं स्वतःच सासूच्या हातात दिली. शेकाचा एकही दिवस चुकला नाही. गाडी पुन्हा बंद पडली नाही.

शेक संपल्यावरच्या रविवारी मी निवांत गाडी धूत होतो. झाकणाच्या कडेला तिळाएवढं एक भोक दिसलं. त्याच्या काठाला अजून लाल रंग होता. टाकीत हवा जायला ते भोक असतं. ते बुजलं की थोडं अंतर गेल्यावर पेट्रोल खाली उतरत नाही आणि गाडी गुदमरते. विहिरीवरची मोटर स्वतः दुरुस्त करणाऱ्या मला हे सुचायला हवं होतं. त्या टायवाल्याला तर शंभरदा सुचायला हवं होतं. शालनला सांगावं की नाही हे कळेना. रोज इतक्या भक्तीनं लावलेल्या कुंकवानंच गाडी अडत होती, हे ऐकून तिचं मन मोडलं तर? शेवटी सांगितलं, कारण तिच्यापासून काही लपवलं की माझं पोट दुखतं. तिनं वाकून ते भोक नीट पाहिलं, आणि केस गेल्यापासून पहिल्यांदा ती तोंडाला पदर न लावता हसली. "म्हंजी मीच आडवत हुते व्हय तुमाला? बरं झालं की मग. नीट चालली असती तर आपुन लिंबाखाली कशाला थांबलो असतो?"

मी यावर वाद घालत नाही. मला भोक दिसलं, तिला देवी दिसली, आणि दोघांनाही कौसाबाईचं थरथरतं बोट आठवतं. मी त्या सकाळी देवीकडे गाडी चालू राहू दे एवढंच मागितलं होतं. तिनं ते ऐकलं असतं तर आम्ही वस्तीवरून सरळ पुढे निघून गेलो असतो आणि शालन रिकाम्या कपाळानं, मोडलेल्या मनानं मशीनखाली झोपली असती, तीही किती दिवस कोण जाणे. आपण काय मागावं हेही आपल्याला कळत नाही, म्हणून आता मी मागणं कमी केलं आहे. शालनच्या तपासण्या चालू आहेत. प्रत्येक रिपोर्टच्या आधी माझे हात गार पडतात. पुढचं देवीच्या हातात आहे, आणि तो हात कसा असतो ते मी पाहिलं आहे. परवा कंपनीतल्या मुलीचा पुन्हा फोन आला, सर्व्हिसला किती गुण म्हणून. मी दहापैकी दहा दिले. ती बिचारी दोनदा विचारत होती, नक्की ना सर?

चैत्रात आम्ही कोल्हारला जायला निघालो. वाटेत कौसाबाईचा निरोप घ्यायचा होता, तिची ओटी देवीला पोचवायची होती. मी गाडी बाहेर काढली, सीट पुसली. शालन येईना. हाक मारणार होतो, तेवढ्यात खिडकीतून ती दिसली. नव्यानं उगवलेले बोटभर केस हातानं सारखे करत, कुंकवाची डबी उघडून ती आरशासमोर उभी होती. मी हॉर्न वाजवला नाही. मनातल्या मनात भगवतीला हात जोडले आणि तिचं आवरेपर्यंत उभा राहिलो.