सीतादहीच्या फोटोतला चौकोन

मी मलकापूरला कॉलेजात फिजिक्स शिकवते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जायचं, हा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना मलाच माझा राग येतोय... पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माहेर जळगाव जामोदजवळच्या खेड्यात. बीटी कपाशी नवी नवी आली होती तेव्हा बियाण्याच्या पिशव्यांसाठी दुकानांपुढे रांगा लागायच्या. माझा मोठा भाऊ, दादा, सकाळी बियाणं आणायला म्हणून निघाला तो परत आलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही, कुणाचा तगादा नाही. दवाखाने, पोलीस, रेल्वे स्टेशन, सगळं पालथं घातलं.

पुढे त्याच्या पोरीचं लग्न ठरलं अन् प्रश्न उभा राहिला — पत्रिकेत वडिलांच्या नावाआधी 'श्री.' लिहायचं की 'कै.'? भावकी म्हणाली, इतकी वर्षं झाली, कै. टाका अन् फोटोला हार घाला. वहिनी ऐकेना. कपाळाचं कुंकू तिनं एक दिवस पुसलं नव्हतं. मी तिच्याच बाजूची.

तरी दादाचा एक बरा फोटो घरात हवा होता. कॉम्प्युटरवर जुने स्कॅन केलेले अन् कॅमेऱ्यातले फोटो सगळे एकात एक कालवलेले. ते नीट लावायला सॉफ्टवेअर शोधू लागले. पहिलं फुकटचं घेतलं, तर ते प्रत्येक फोटोवर आपला शिक्का मारायचं. दुसऱ्यानं कॉम्प्युटरच बंद पाडला. तिसरं चेहरे ओळखणारं — एका फोटोत दादाच्या चेहऱ्याला नाव दिलं की बाकीचे आपोआप शोधून आणायचं. मी खूश.

मग त्यानं सीतादहीचा फोटो आणला. कापूस वेचणीआधी आमच्याकडे कपाशीत दहीभात ठेवून पूजा करतात, ती सीतादही. फोटो मीच काढलेला, दादा गेल्यानंतरचा. वहिनी एकटी पूजेला बसलेली. तिच्या शेजारी रिकाम्या जागेवर चौकोन, खाली दादाचं नाव. मोठं करून पाहिलं... पानं, बोंडं. बस्स.

खरं सांगते, मी हसले. बोंडाला चेहरा समजलं येडं! पण पुढच्या सालच्या सीतादहीतही तेच. त्याच्या पुढच्याही. चौथं सॉफ्टवेअर टाकलं, त्यानंही दादा तिथंच दाखवला.

लग्नाच्या खरेदीला आलेली वहिनी मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. मी स्क्रीन बंद करायला गेले तर तिनं हात धरला. म्हणाली, दरसाल ती पूजेला बसते तेव्हा त्यांची जागा सोडूनच बसते. मला वाटलं, आता हिला धीर येईल. पण तिनं त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"जित्या माणसाले घरी याले रस्ता असते, ताई," ती म्हणाली. "तो असा कपाशीत येऊन नाही बसत. कै. टाका."

परोपरीनं समजावलं तिला. हे मशीन आहे, चुकतं, उद्या दुसरंच दाखवेल. नाही म्हणजे नाही. पत्रिका तशीच छापली. पोरीच्या हळदीला ती कोरं कपाळ घेऊन मागं बसली. माझ्यानं बघवेना, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्या सालच्या सीतादहीलाही वहिनी जागा सोडूनच बसली होती. फोटो काढून कॉम्प्युटरवर टाकला. त्याच सॉफ्टवेअरला फक्त वहिनी सापडली.

नवरा म्हणतो, ऊन वेगळं पडलं असेल. असेलही. पण सॉफ्टवेअर आधी चुकत असेल तर माझा भाऊ कुठंतरी जिवंत असेल, अन् आम्ही त्याला पत्रिकेत मारून मोकळे झालो. चुकत नसेल तर तो दरसाल बायकोशेजारी येऊन बसत होता, अन् आम्ही त्याला उठवलं. यातलं काय खरं असू दे म्हणून देवाला मागू, ते मला अजून कळत नाही.