रग्बीच्या टॉवेलवरचा गोल चेंडू

रग्बी हा खेळ मला आजही कळत नाही. पण पंचविशीच्या आत, सोलापुरात, त्या खेळासंबंधी मी एक खोटं बोललो आणि एका कसबी माणसाचं काम गेलं. घरात हे कुणालाच ठाऊक नाही, बायकोलाही नाही. आता पन्नाशी उलटली आहे. सांगायचं धाडस अजून होत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

दुष्काळाच्या पुढचं वर्ष होतं. चादरींना गिऱ्हाईक नव्हतं. एरवी आमच्या भागातल्या गल्ल्यांतून चालताना दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट ऐकू यायचा. त्या वर्षी मधले मधले कारखाने गप्प होते. मी ज्या कारखान्यात पत्रव्यवहार बघायचो, तिथेही निम्मे माग कापड टाकून झाकले होते. अशात मुंबईच्या एजंटामार्फत विलायतेतल्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली. तिकडे दर हिवाळ्यात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स आणि फ्रान्स या पाच देशांचे संघ रग्बीत एकमेकांशी भिडत. सामने शनिवारी होत, मार्चपर्यंत चालत. मैदानाबाहेर पाचही देशांच्या खुणा असलेले लहान टॉवेल विकायचे, असा त्याचा बेत होता. पहिल्या सामन्याआधी माल पोचायला हवा होता. मालकांनी सगळे माग उघडायला सांगितले, तेव्हा विणकरांनी मागांना उदबत्ती लावली.

पत्रासोबत नमुन्याचा एक टॉवेल होता, कुठल्या तरी दुसऱ्याच देशात विणलेला. कडेला गुलाब, काटेरी फूल, तीन पानांची डहाळी, पिसांचा तुरा आणि कोंबडा. मधोमध चेंडू. तो अंड्यासारखा लांबट होता.

नमुना मास्तरांच्या हाती गेला. मास्तर म्हणजे आमचे नक्षी करणारे. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून नक्षी काढायची आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. त्या पट्ट्या मागावर चढल्या की धागे वरखाली होतात आणि कापडात फूल उमटतं. तीस वर्षं ते हेच करत होते. घरात तेलुगू बोलत, कारखान्यात आमच्यासारखं मराठी. चष्म्याच्या एका काडीच्या जागी सुतळी होती.

त्यांनी टॉवेल उजेडात धरला, चेंडूला पट्टी लावली आणि हसले.

"ठोक कमी पडलाय. आडवं सूत विरळ बसलंय, म्हणून चेंडू लांबलाय. कुणी विणलंय हे?"

"मास्तर, शेजारी कोंबडा हाय. अंडंच असंल की!" एक विणकर म्हणाला.

"कोंबडा अंडं देतो व्हय रे? तुझ्या घरी देत असंल."

सगळे हसले. मीही हसलो. मास्तर माझ्याकडं वळले. "फूल लांबट बी असतं, बसकं बी असतं. त्याच्यावरनं काय कळत न्हाय. गोलावरनं माग कळतो, साहेब."

ही तिथली रीतच होती. नवी नक्षी मागावर चढली की पहिल्या हातभर कापडात आधी गोल शोधायचा. गोल लांबला किंवा दबला, तर कुणाचं तरी चुकलं. मास्तरांच्या हातून तसा गोल कधी गेला नव्हता. तरी माणूस सावध. ते म्हणाले, "पत्रात चेंडूबद्दल काय लिवलंय का, बघा एकदा."

पत्राची दोन पानं होती. पहिलं टाइप केलेलं, ते मी वाचून दाखवलं होतं. दुसऱ्यावर निळ्या शाईत हातानं लिहिलेल्या पाच-सहा ओळी होत्या. कारखान्यात इंग्रजी येणारा मी एकटा, आणि त्याचा तोराही मला होता. पण मला यायचं ते छापील इंग्रजी. ती एकात एक गुंतलेली अक्षरं मला लागेनात. भोवती विणकर उभे होते. मी ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणालो, "काही विशेष नाही मास्तर. नमस्कार-चमत्कार आहेत. चेंडू गोलच असतो."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांनी सगळी नक्षी नव्या मापानं काढली. चेंडू असा गोल आला की विणकर त्यावर बोट फिरवून बघत होते.

माल मुंबईच्या गोदीपर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरला. व्यापाऱ्याच्या माणसानं गाठोडं उघडून पाहिलं होतं. तार आली, चेंडू चुकीचा आहे, माल घेता येणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी दार लावून दुसरं पान काढलं. अक्षरामागून अक्षर जुळवत बसलो. तासाभरानं अर्थ लागला. या खेळाचा चेंडू लांबटच असतो, नमुन्यातला आकार मुळीच बदलू नये, असं लिहिलं होतं. खाली रेघ मारली होती. मी पान घडी करून सदऱ्याच्या आत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी तापत होतं, तेव्हा बंबात टाकलं.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. "पत्र आण." मी फक्त पहिलं पान मराठीत वाचून दाखवलं.

"यात तर चेंडूचं काहीच नाही."

"नाही, मालक."

ते मास्तरांकडे वळले. "मग नमुना डोळ्यांसमोर असताना तुम्हाला हे शहाणपण कुणी सांगितलं होतं?"

"मला वाटलं की..."

"वाटलं! तीस वर्षं झाली. आता वाटायला लागलं तुम्हाला?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. त्यांनी मला विचारलं होतं आणि पत्रात काही नव्हतं, एवढं तरी मी बोलावं, असं त्यांना वाटत असावं. मी टाइपरायटरच्या फितीकडे बघत राहिलो. उद्यापासून येऊ नका, असं मालक म्हणाले. मास्तरांनी भोकं पाडायचं हत्यार पुसून टेबलावर ठेवलं आणि गेले.

टॉवेल बाजारात वजनावर गेले. पुढं कितीतरी दिवस खानावळींत हात पुसायला तेच टांगलेले असत. निम्मे माग पुन्हा कापड टाकून झाकले गेले.

मास्तरांना दुसरीकडे काम मिळालं नाही. नक्षीवाल्यांच्या जगात बातमी पसरायला वेळ लागत नाही. चहाच्या हॉटेलात पोरं बशी उचलून विचारायची, "मास्तर, ही गोल हाय नव्हं? बघून सांगा की." त्यांनी हॉटेलात जाणं सोडलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी, रात्रीच्या जेवणाआधी, मी शेजाऱ्यांच्या रेडिओवर विलायतेचं स्टेशन लावलं. सामना चालला होता. कोण कुणाविरुद्ध, तेही समजेना. फक्त गर्दीचा आवाज येत होता, समुद्रासारखा वर चढणारा. हजारो माणसं तिथं होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला चेंडूचा आकार ठाऊक होता. मी रेडिओ बंद केला. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरी जायचं ठरवलं. सगळं सांगायचं, मग ते मालकांकडे जावोत, मला मारोत.

ते ओसरीवर बसून चाकावर सूत गुंडाळून मागासाठी कांड्या भरत होते. हे घरातल्या बायकांचं काम. मला बघून ते उठायला लागले, मी बसवलं.

"साहेब, खरं सांगा. तो चेंडू खरंच तसा असतो?"

"हो, मास्तर."

"अंड्यावानी?"

"हो."

चाक थांबलं. त्यांनी हातातलं सूत खाली ठेवलं.

"म्हणजे नमुना बरोबर होता. विणणारा बी बरोबर होता. मी चांगल्या कापडाला खोटं म्हणलो. चूक माझीच की."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली. मी त्यांना अक्का म्हणत असे. "तुमी तरी आलात," त्या म्हणाल्या. "कारखान्यातलं दुसरं कुणी हिकडं फिरकत न्हाय." मी चहा बशीत ओतला आणि प्यालो. संपल्यावर उठलो.

मास्तर दारापर्यंत आले. "मालकांना येवढं सांगा, म्हातारा चूक कबूल करतोय. मनात काय ठिऊ नका म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.

आणि सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांच्या टेबलासमोर उभा राहून मी तो निरोप शब्दाला शब्द दिला. "बरं," म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. त्यानंतर मास्तर चार वर्षं जगले. त्या गल्लीत मी परत गेलो नाही.