आधी कपाळाला हात

गोदावरीबाई मूळच्या अड्याळच्या. त्यांचा बाप दंडारीच्या खेळात राक्षसापासून राणीपर्यंत सगळी सोंगं वठवायचा. मुलगी भंडाऱ्याच्या एका इस्पितळात नर्सिंगच्या पोरींना शिकवायला लागली, तरी रक्तातलं ते काही गेलं नाही.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. रक्तातली साखर उतरली की पेशंट कसा होतो, हे बाई फळ्यावर कधी शिकवत नसत. खुर्चीवर बसून सोंगच आणत. हात थरथरवत, पदराने कोरडं कपाळ पुसत आणि पोरींना अस्सल शिव्या घालत. पेशंटचे नातेवाईक खिडकीशी गोळा होत. शेवटी बाई बजावत, "असा पेशंट भांडते, नको म्हणते. त्याचं आयकू नका. गिळता येते का पाहा अन् साखरेचं पाणी पाजा."

बाईंना स्वतःलाच मधुमेह होता. सकाळी इन्सुलिन टोचलं की लगेच खायचं, हा नियम त्या दुसऱ्यांकडून घोकून घेत. त्या दिवशी मात्र उजळणीचं सोंग पाहायला तुकडी लवकर येऊन बसली आणि इन्सुलिन टोचून झालं तरी बाईंचा पोह्यांचा डबा कपाटातच राहिला. प्रेक्षक खोळंबलेले असताना घास कोणाच्या घशाखाली उतरतो?

सोंग सुरू झालं. हात असे थरथरले की बाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं. नेहमीच्या शिव्या काही आठवेनात, म्हणून त्यांनी फळ्यालाच 'जावईबुवा' अशी हाक मारली. वर्ग टाळ्यांनी दणाणला. आज बाप पाहायला हवा होता, असं त्यांच्या मनात आलं.

शेवटच्या बाकावरची रुखमा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. आंधळगावच्या विणकराची ही मुलगी इतकी बुजरी, की हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. बाईंच्या कपाळावरून भर थंडीत घाम ओघळत होता आणि तो पुसायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. ते पाहून रुखमा उठली. तिनं सोंगासाठी टेबलावर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात साखर ढवळली आणि पेला बाईंच्या ओठांना लावला.

"मले काही नाही झालं. बस खाली," बाई खेकसल्या. "नाव काटून टाकीन तुझं."

रुखमानं पेला तसाच धरून ठेवला. नाव कापलं गेलं तर परत घरच्या मागावर बसायचं होतं. "बाई, पहिले एक घोट घ्या," ती म्हणाली. घोट नीट गिळला गेला, तसा तिनं पेला संपेपर्यंत हलू दिला नाही.

थोड्या वेळानं बाईंना फळा फळ्यासारखा दिसू लागला. पोरींनी पोह्यांचा डबा पुढ्यात ठेवला आणि बाई मुकाट्यानं खाऊ लागल्या. जीव वाचल्याचा आनंद होता, लाजही तेवढीच वाटत होती.

"मी नको म्हणून राहिली होती, तरी काहून पाजलं?"

"तुम्हीच सांगतलं होतं बाई, आयकू नका म्हणून."

"अन् नाव काटलं असतं तं?"

रुखमानं जरा विचार केला. "काटाले तुम्ही तं राहिल्या असत्या."

बाई इतक्या हसल्या की पोहे मांडीवर सांडले.

सोंग त्यांनी निवृत्त होईपर्यंत आणलं. फक्त आता डबा आधी रिकामा होई. मग टाळी वाजायच्या आत एका पोरीनं उठून बाईंच्या कपाळाला हात लावायचा, आणि कपाळ कोरडं निघालं तरच टाळ्या.