गोठा न सोडणारी गाय

साठ सालच्या आसपास मी आखातातल्या दुखानच्या तेलछावणीत कामाला होतो; तिथं रत्नागिरीकडचे एक भाई कपडे शिवायचे. बोलणं मोजकं, आणि शेवटी ‘खलास’.

नाताळात क्लबात साहेब लोकांचं गमतीचं नाटक व्हायचं. धिप्पाड साहेब झगे घालून नाचायचे. नाटकात दोघांनी आत शिरून चालवायची एक कापडी गाय असायची, ती भाईंनीच शिवलेली; पुढचे पाय एका साहेबाचे, मागचे भाईंचे.

एका वर्षी गोष्टीत गाय विकायला काढली, तर मागचे पाय गोठ्याच्या दारातच रोवलेले! साहेब ओढतोय, गाय हलेना. लोक हसून बेजार.

नंतर घाम पुसत भाई मला म्हणाले, “गाय गोठा सोडून अशी गुमान जाते काय हो? खलास.”

पुढे भाई गावी परतले. तरी दर नाताळात गाय दारात अडायचीच. साहेब नव्या माणसांना सांगायचे, ही आमच्या विलायतेची जुनी रीत.