पाठीमागे गेलेला हात

मंगळवार, १७ फेब्रुवारी १९५३. सकाळी गार. ह्यांचा खोकला कमी. सात वाजून दहा मिनिटांनी समुद्राकडच्या कडेला एक बार झाला. मला वाटलं, कोणी वानरं हाकलतंय. साडेसातला कामाला येणारी जनी रडत आली. फौजदाराने धर्माजीला गोळी घातली. धर्माजी जागीच गेला. रावजी सकाळी कामावर आला होता, न सांगता गेला. दुपारी कोणी जेवलं नाही. भात गाईला घातला.

त्या दिवसाचं पान एवढंच आहे. रावजीबद्दल आज लिहायला बसले, तर त्याच पानापासून सुरुवात करावी लागते.

रावजी दिवेआगरात आमच्या वाडीत माडांवर चढत असे. जमिनीवर त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही, पण माडाच्या शेंड्यावर पोचला की जीभ सुटायची. "वैनी, तुमच्या काकी येतात, लाडवाचा डबा झाका!" असं तो वरून ओरडे. एकदा काकूंनी ते ऐकलं आणि आठ दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

माडावर चढणाऱ्याच्या कमरेला मागच्या बाजूला एक लाकडी आकडी बांधलेली असते. तिला कोयता अडकवतात, म्हणजे दोन्ही हात झाडाला मोकळे राहतात. उतरून पाय जमिनीला लागले, की माणूस चालण्याआधी हात मागे नेऊन कोयता धरतो. नाहीतर पातं पोटरीला लागतं. रावजीच्या अंगात हे इतकं मुरलं होतं, की लग्नाच्या वऱ्हाडात बैलगाडीतून उडी मारली तरी त्याचा हात मागे जाई. कोयता घरी असे. पोरं हसायची.

दारूबंदी येऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. धर्माजी चोरून माडी काढी. आमच्या वाडीच्या समुद्राकडच्या चार माडांवर त्याची मडकी असत. ते ह्यांना माहीत होतं आणि मलाही. रावजीचंही एक मडकं तिथे होतं, ते मात्र मला नंतर कळलं.

फौजदार जगदाळे घाटावरून बदलून येऊन चार महिने झाले होते. वय तिशीच्या आत. गावात पंचनाम्याची बातमी आली ती अशी: आरोपी कोयता काढून अंगावर आला, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी चालवली. धर्माजीचा भाऊ सदू सगळीकडे सांगत फिरला, की त्याला समोर उभा करून मारला. फौजदाराबरोबरचा शिपाई वाडीच्या दगडी गडग्यापलीकडे मागे राहिला होता. त्यामुळे कोणी पाहिलेलं नाही, असंच सगळे धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी रावजी परसदारी आला. उंबऱ्याबाहेर बसला. पाणी दिलं तर भांडं हातात तसंच धरून राहिला.

"वैनी, म्या पायलं."

"काय पाहिलंस?"

"सगळं. वरनं."

मी बाहेर येऊन मागे दार लोटून घेतलं. "वर काय करत होतास?"

त्याने समुद्राकडच्या माडांकडे पाहिलं. मग मला कळलं.

"धर्माजी उतारला. फौजदार दिसला तसा पळाला. हात मागं गेला त्याचा, जसा जातो तसा. आन् बार झाला." मग म्हणाला, "फौजदार भ्याला व्हता, वैनी. पिस्तूल गदगद हालत व्हतं. मंग बसलाच तो खाली वाळूत."

"हे सांग ना मग. चौकशी होणार आहे."

"कुनाला सांगू? माडीवर व्हतो सांगितलं तर मी आत. पोलिसांना पायजे धर्माजी अंगावर आला. सदूला पायजे फौजदारानं मुद्दाम मारला. सदू म्हनतो, तसं बोल, गाव तुज्या पाठीशी. पन तसं न्हाय झालं. जे झालं ते कुनालाच नको."

दुसऱ्या दिवसापासून तो शिपाई आमच्या बेड्यापाशी, वाडीच्या फाटकापाशी, येऊन बसू लागला. तंबाखू मळायचा आणि आत बघायचा. "बाई, तुमचा माणूस हल्ली दिसत नाही? आजारीबिजारी आहे का?" दोनदा तो रावजीच्या घरीही जाऊन आला. त्याने काही धमकी दिली नाही. रावजीच्या बायकोला, ठमाबाईला, फक्त मुलं किती ते विचारलं. तेवढ्याने तिने चूल पेटवायची सोडली. धूर दिसला की घरात माणूस आहे हे कळतं, असं तिला वाटे. मी जनीबरोबर भाकऱ्या पाठवी.

मीही भ्यायले होते. माड आमचे होते. मी ह्यांना विचारलं, रावजीला काय सांगू? हे शाळेत शिकवत, साधा सल्ला द्यायलाही वेळ घेत. म्हणाले, "साक्षीला जा म्हणू नकोस. जाऊ नकोस असंही म्हणू नकोस." तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं.

चौकशी ३ मार्चला झाली, आमच्याच वाडीत, त्याच जागेवर. प्रांतसाहेबांना खुर्ची आमच्या घरून गेली. बायका विहिरीपाशी उभ्या होत्या, त्यांत मीही होते. फौजदार जगदाळेंनी सांगितलं, "तो अर्धवट वळला. हात मागे नेऊन कोयता काढायला लागला."

"अंतर?"

"वीसेक पावलं."

"डॉक्टरांच्या कागदात गोळी मागून लागल्याचं आहे."

"तो वळत होता, साहेब."

प्रांतसाहेबांनी विचारलं, आणखी कोणी पाहिलं आहे का? कोणी हललं नाही. शिपाई रावजीकडे बघत होता आणि सदूही. रावजी उठला.

"कुठे होतास?"

रावजीने वर बोट केलं.

"काय करत होतास?"

"माडी उतरवत व्हतो, साहेब."

माणसांत कुजबुज झाली. ठमाबाईने पदर तोंडात धरला.

"मालकाला माहीत होतं?"

"न्हाय, साहेब."

ह्यांनी चष्मा काढून पुसला. मी काही बोलले नाही. हे मी त्या दिवशी वहीत लिहिलं नाही. आज लिहिते.

"तू काय पाहिलंस ते सांग."

"तोंडानं न्हाय सांगता येत. चढून दावतो."

तो आकडी बांधून, कोयता अडकवून चढला. वर गेल्यावर नेहमी बोलणारा रावजी त्या दिवशी वरूनही गप्प होता. मग उतरला, शेवटच्या चार हातांवरून उडी मारली आणि गडग्याकडे पळाला. त्याचा हात मागे गेला.

त्याच क्षणी फौजदार जगदाळेंचा हात कमरेला गेला. पिस्तूल चौकशीसाठी जमा झालं होतं. तिथे त्याचं रिकामं चामडी म्यान होतं. त्यांची बोटं त्यावर तशीच राहिली. सगळ्यांनी पाहिलं.

 मग प्रांतसाहेबांनी रावजीला विचारलं, "हात मागे का नेलास?"

रावजीने आपल्या हाताकडे पाहिलं. "नेला व्हय?"

मागून दुसरा एक माडावर चढणारा, भिकू, म्हणाला, "आमचा पन जातो, साहेब. समद्यांचा जातो." सदूने मान खाली घातली. तोही माडावरच चढणारा होता.

"जगदाळे," प्रांतसाहेब हळू म्हणाले, "आत्ता तुम्हाला काय वाटलं?"

फौजदाराने म्यानावरची बोटं काढून घेतली. "तेच वाटलं, साहेब. आत्ताही."

प्रांतसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "भीती खरी होती, असं मी लिहीन. वीस पावलांवरून पळणाऱ्या माणसाच्या पाठीत गोळी घालायला ती पुरी होती का, ते वेगळं लिहीन. ह्या माणसाच्या हाताचा अर्थ गावात कोणीही सांगितला असता. चार महिन्यांत तुम्ही कोणाला विचारलं नाहीत."

अहवालात शेवटी काय उतरलं, ते आम्हाला कधी कळलं नाही. पावसाळ्याआधी जगदाळेंची बदली झाली. माडीबद्दल पुढे खटला होऊन रावजी दोन महिने आत जाऊन आला. नंतर पंधरा वर्षं तो आमच्या वाडीत चढला, अगदी ह्यांच्या शेवटच्या वर्षापर्यंत. पण वरून त्याची हाक पुन्हा आली नाही.

चौकशीच्या दिवशी संध्याकाळी तो परसदारी आला. आकडीतून कोयता काढून त्याने मुठीकडून माझ्यापुढे धरला.

"वैनी, हा हितंच ऱ्हाऊ दे. मला रस्त्यानं घरी जायाचं हाय."

"आता कशाला घाबरतोस? साहेबांनी ऐकलं ना सगळं?"

"साहेबांनी ऐकलं. रस्त्यावरच्या शिपायानं ऐकलंय का, मला ठावं न्हाय."

तो गेला. दोन्ही हात पुढे, पोटावर एकमेकांत घट्ट धरून चालत होता.

त्या रात्रीच्या पानावर शेवटची ओळ आहे: रावजीचा कोयता सरपणाच्या खोलीत खुंटीला लावला. सकाळी सातला घेऊन जाईल.