लांजीची लाईन

हे आमच्या घरात कुणाला माहीत नाही. दुकानात रोज येऊन बसणाऱ्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. मोडेम आधी शिट्ट्या मारायचा, किंचाळायचा, मग कुठं जोडणी व्हायची. मी इथं बालाघाटात एका शेठच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचो. त्यांची राईस मिल लांजीला. तिथला कॉम्प्युटर कल्पनाकडे. आम्ही एकाच क्लासमध्ये शिकलेलो. ती मला भाऊ म्हणायची. माझ्या मशीनवर विंडोज होतं. तिचं मशीन जुनं, विंडोज त्यावर रडतखडत चालायचं, म्हणून तिनं पुस्तक आणून, चुकत चुकत, त्याऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी, हलकी प्रणाली बसवलेली. किती हौस होती तिला त्याची!

शेठना मिलमधला साठा रोज इथं बसून पाहायचा होता. लांजीच्या मशीनचा फोन माझ्या मशीनला लागायचा, शिट्ट्या व्हायच्या, आणि पासवर्ड तपासताना लाईन तुटायची. दरवेळी तिथंच. चूक कुणाकडची, शेठनी विचारलं. माझ्याकडचं सगळं बरोबर आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं — न तपासता.

कल्पना लिनक्समधल्या जोडणीच्या फाईली बदलून बदलून थकली. एका दुपारी तिचा फोन आला.

"भाऊ, मी पासवर्ड साधाच पाठवून राह्यली. तुमच्याकडं त्याले काही अडवते का? एकदा पाहा ना."

मी पाहिलं. सेटिंगच्या पानावर एका चौकोनात बरोबरची खूण होती — पासवर्ड सांकेतिक असेल तरच घ्या, साधा असेल तर परत पाठवा. ती खूण मीच केलेली. काढायला एक क्लिक पुरे होता. पण शेठ मागच्या खुर्चीत बसले होते. मी ते पान तसंच बंद केलं आणि फोनवर म्हणालो, "इकडं काही नाही. घोळ तुझ्या लिनक्समधेच आहे."

खरं बोलायला असा किती वेळ लागला असता?

शेठनी लांजीच्या मशीनवरही विंडोज टाकायला लावलं. आता दोन्हीकडे विंडोज. पासवर्ड आपोआप सांकेतिक होऊन आला आणि लाईन लागली. झालं — चूक कल्पनाचीच ठरली. पुढं तिनं कॉम्प्युटर सोडून वजनकाट्यावर काम मागून घेतलं. मी तिला अडवलं? नाही. उलट मला सुटल्यासारखं वाटलं.

यंदा, इतक्या वर्षांनी, ती माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आली, मुलीचा लॅपटॉप घेऊन. इंटरनेट लागत नव्हतं. स्क्रीनवर काय येतंय ते वाच, म्हटलं. तिनं हात मागे घेतला.

"मले काय समजते, भाऊ? मले हे जमतच नाही. तुमाले तं माहीत हाय."

हसत म्हणाली. ते हसणंच सोसवेना. मग मी सांगितलं. ती खूण, तो फोन, माझं खोटं — सगळं.

तिनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "मंग माझ्या फाईली बरोबर होत्या?"

"हौ. सगळ्या."

"काहून नाही बोलले तवा?"

"भ्यालो."

तिनं लॅपटॉप उचलला, पिशवीत घातला आणि तशीच बसस्टँडकडे निघून गेली. वाटलं, संपलं सगळं.

पुढच्या हप्त्यात तिचा फोन आला. या वेळी भाऊ म्हणाली नाही. इंटरनेट तिनंच लावलं होतं, आणि आता मुलीला विचारून त्या लॅपटॉपवर लिनक्स टाकत होती. एका जागी अडली होती. स्क्रीनवरची ओळ तिनं वाचून दाखवली. मी सांगायला तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "थांबा. सांगू नका. मलेच पाहू द्या."

फोन तिनं ठेवला नाही. मी कानाला धरून बसून राहिलो. पलीकडे ती स्वतःशीच काही पुटपुटत होती, आणि कीबोर्ड न थांबता वाजत होता.